एका ओळीची दुरुस्ती, तिघांची कमिटी

ऐक बे सोम्या, मधी बोलू नको, आधी ऐक. डोकं लई फिरलंय माझं.

आमच्या मालकाला, मन्मथप्पाला, तू वळखतोस. खाली सिमेंटचं दुकान, वरच्या माळ्यावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. दिवाळीत आप्पा पुण्याला दोन दिवसाच्या शिबिराला गेलते. पयल्या दिवशी अजाइल शिकवलं: रोज उभ्यानं मीटिंग, रोज थोडं काम करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, कागद कमी. दुसऱ्या दिवशी लेव्हल थ्री: हरेक बदलाला फॉर्म, कमिटी, तीन सह्या. शहाणा माणूस एक कायतरी धरील का न्हाई? आप्पा आले अन् म्हणले, "दोन्ही दिवस जेवण झ्याक होतं. दोन्ही करू."

झालं! खुर्च्या खाली सिमेंटच्या गोण्यांमागं गेल्या अन् वर फॉर्मचे गठ्ठे आले. फॉर्म बी उभ्यानंच भरायचा, भिंतीला टेकवून. अन् कमिटीला तिसरं माणूस कुठून आणावं? आप्पा एक, टेस्टिंगवाली प्रणिता दोन. प्रोग्रॅम माझा, म्हणून माझी सही बाद. मग तिसरी मेंबर कोण केली? छबुमावशी. चहा करणारी!

परवा पुण्याचे साहेब लेव्हल तपासायला आले. नेमका दहाला कारखान्यातून सुंदररावांचा फोन. ते उसाच्या गाड्यांना आपल्या प्रोग्रॅमवर नंबर देतात.

"वीरेश, मेलो रे! नऊशे नव्व्याण्णव झाले अन् तुझ्या कॉम्प्युटरनं पुढल्या गाडीला परत एक नंबर दिला, अन् लहान नंबर आधी आत. आता आल्या आल्या चाळीस गाड्या आत चालल्यात अन् कालपासून साठ गाड्या उन्हात उभ्या. ऊस वाळायलाय, बैलं बसलीत, गाडीवाले माझ्या टेबलाभवती हायेत. हातात कोयते हायेत बे त्यांच्या!"

एका ओळीची चूक, सोम्या. तीन आकड्यांचे चार करायचे. धा मिनिटांत केली, फ्लॉपीत भरली. एकच्या एस्टीत कंडक्टरच्या हातात दिली की चारला कारखान्यात.

आप्पानं दारातच हात आडवा घातला. "फॉर्म?"

"आप्पा, तिथं माणसं कोयते घेऊन..."

"हळू बोल! साहेब आत हायेत. आजच्या सकाळच्या मीटिंगमधी हे काम होतं का? न्हाई. मग पुन्ना मीटिंग घ्यावी लागंल. उभा राहा."

"उभाच हाय की!"

मीटिंग झाली. मीटिंगचं टिपण झालं. सात पानी फॉर्म झाला. आप्पाची सही, प्रणिताची सही. पाऊण वाजला. मावशीनं पदराला हात पुसले अन् चष्मा लावला.

"कशाची सही हाय?"

"मावशी, नुसतं नाव लिवा. गाडी सुटती."

"न्हाई बाबा. वाचल्याबिगर सही न्हाई, आप्पानंच सांगितलंय. गाड्यांचं हाय ना? मग त्या चाळिसांकडं नंबर हायेत त्यांचं काय? ते पुढंच राहणार?"

"ते नंतर बघू!"

"अन् साठ जणांच्या जुन्या पावत्या चालतील का नव्यात?"

मी म्हणलं, "मावशी, तुमाला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय? तुमी चहा करा!" अन् फ्लॉपी उचलून पळत सुटलो. एस्टी हलली होती, खिडकीतून दिली फेकून.

चारला फोन. सुंदरराव रडायचेच राहिलते. "काय पाठवलंस रे? साठ गाड्यांच्या पावत्या कॉम्प्युटर वळखंनाच! चाळीसवाले तसेच पुढं. मला खुर्चीसकट उचलून भाईर ठेवलंय!"

मावशीनं माझ्या हातातून फोन घेतला. बारा हंगाम ऊस तोडलाय शिरूर कासारच्या त्या बाईनं, हे मला तवा कळलं.

"भाऊ, ते मशीन बंद करा. खडू हाय का? मग कालच्या साठ गाड्यांच्या जुवावर आधी नंबर घाला. मागून आले त्यांना मागं. अन् पयलं बैलांला पाणी दाखवा, मग माणसं ऐकतेत."

दोन तासांत रांग हलली, बे. खडूनं!

अन् साहेबांनी काय लिवलं? "बदल समितीच्या सदस्या छबुबाई यांनी योग्य वेळी योग्य हरकत घेतली. प्रक्रिया उत्तम. विकसकाने ती मोडली." लेव्हल मिळाली! आप्पानं खाली पेढे वाटले. मावशी आता क्वालिटी हेड. खुर्ची वर आली ती एकच, तिची. कारखान्यातून फोन आला की पयलं वाक्य, "त्या बाईंना द्या." चहा मी करतो.

आज तिनं माझ्या हातात फॉर्म दिला. 'चूक का झाली?' मी लिवलं, कमिटीमुळं उशीर झाला. तिनं चष्म्यावरून बघितलं अन् फॉर्म परत दिला. "इरेश, खरं लिव."

आता सांग सोम्या, कमिटी नसती तर ती फ्लॉपी मी कुणालाबी न दाखवता एकच्या एस्टीत दिली असती, अन् कमिटी होती तर तिचं मी ऐकलं न्हाई. उद्या धाला फॉर्म द्यायचाय. तू काय लिवलं असतंस बे?