ऑफिसरचा पट्टा

उपेंद्रच्या वेस्ट मांबलममधल्या फ्लॅटमध्ये जिवंत माणसांची अडचण होती. मेलेल्या गोऱ्या सैनिकांची सोय मात्र चोख. त्यांचे कोट कपाटात, बिल्ले शोकेसमध्ये आणि बूट, बायको प्रमोदिनीच्या म्हणण्याप्रमाणे, तिच्या डोक्यावर.

सध्या त्याची सगळी अब्रू एका किरमिजी पट्ट्याला लटकली होती. गोंडेवाला, छातीवरून तिरका घ्यायचा. उपेंद्र म्हणे, रेशमी आहे, म्हणजे ऑफिसरचा. संग्राहक मंडळातल्या रत्नाकररावांनी फोटो पाहूनच निकाल दिला होता, "लोकर आहे. सार्जंटचा!" रविवारच्या बैठकीत पट्टा हाताळून फैसला व्हायचा होता. हरला तर त्याला यापुढे 'सार्जंट' म्हणायचं, हे मंडळाने मोठ्या प्रेमाने आधीच ठरवलं होतं.

धूळ लागू नये म्हणून या शूराने पट्टा साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून देवघराच्या कपाटात ठेवला. शनिवारी घरी कृष्णस्वामीबुवांचं कीर्तन होतं. त्यांना घालायची शालही त्याच दुकानातून, तशाच पिशवीतून आली होती.

पेरुंगुडीचं ऑफिस उरकून उपेंद्र पोचला तेव्हा आरती चालली होती. बुवांनी असा रंग भरला होता की दारातल्या चपलाही डोलल्या असत्या. बुवांच्या खांद्यावर गोंडे डोलतच होते.

"अगं, माझा पट्टा!"

"अय्या! मला वाटलं शेलाच. पण शोभतोय हो बुवांना."

"काढून घे आधी!"

"देवासमोर घातलेला मान मी काढू? तूच काढ. माईक आणून देऊ?"

सकाळी जरीची भारी शाल घेऊन तो मैलापूरला बुवांच्या घरी हजर. बुवांनी ती आनंदाने घेतली.

"आणि कालचा शेला, बुवा?"

"तो कसा ठेवून घेईन, सार? साथीवाचून कीर्तन होतंय का? मृदंगाला व्यंकट होता, त्याच्या खांद्यावर घातला."

व्यंकट पलीकडच्याच गल्लीत राहत होता. तो हात जोडून म्हणाला, "अय्यो सार, एवढा मान मला पेलेल का? पहाटेच मारुतीला नेऊन वाहिला."

या शहरात मानाची शाल एका खांद्यावर टिकत नाही, हे एवढी वर्षं राहून उपेंद्रला आज कळलं. बैठकीला काय दाखवणार? शेवटी त्याने रत्नाकररावांनाच देवळात बोलावलं. कौतुक बघायला प्रमोदिनीही आली.

गाभाऱ्यात जायला मनाई होती. रत्नाकररावांनी पिशवीतून महायुद्धातली दुर्बीण काढली आणि कठड्यापाशी उभं राहून मारुतीरायाची कसून तपासणी केली. मागची रांग खोळंबली.

"रेशीम आहे," ते नाइलाजाने म्हणाले.

"म्हणजे ऑफिसर!"

"छे! उजव्या खांद्यावरून घेतलाय. ऑफिसर डाव्या खांद्यावरून घेतो. समोर उभा आहे तो सार्जंटच."

उपेंद्र तडक पुजाऱ्याकडे गेला. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये बरीच गयावया झाली. शेवटी मारुतीला वड्यांची मोठी माळ कबूल केल्यावर पुजारी हसत आत गेला आणि पट्टा डाव्या खांद्यावर आला.

रत्नाकररावांचा नमस्काराला निघालेला हात वाटेतच कपाळाला कडक सॅल्यूटसारखा लागला.

"जिंकलास ना?" प्रमोदिनी म्हणाली. "आता घे मागून परत."

उपेंद्रने आवाज खाली आणला. "ऑफिसरकडून? माझी काय टाप!"