स्वेच्छेने सोडलेली जागा

राखीव जागा रद्द झाल्याचा कोर्टाचा निकाल सकाळी अकराला आला आणि साडेअकराला विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीतून चाळीस मुलांना प्रवेश रद्द झाल्याची पत्रं गेलीसुद्धा! हेडक्लार्कना लोक तत्काळराव म्हणत ते काही उगाच नाही. टेबलावर कागद तुंबला की त्यांना डबा गोड लागायचा नाही.

त्या चाळिसांत त्यांच्याच शिपायाची मुलगी होती. डॉक्टरकीला लागलेली, घरातली पहिलीच. बाप तिला घेऊन समोर उभा राहिला, चेहरा पार उतरलेला.

"साहेब, नर्सिंगला नाव घालतो आता. आज शेवटची तारीख. मूळ दाखले तेवढे द्या."

"रद्द झालेल्यांचे दाखले पंधरा दिवस मिळत नाहीत रे." तत्काळराव हळहळले. माणूस मनाने वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. "थांब! 'स्वेच्छेने प्रवेश सोडत आहे' असा फॉर्म भरला की लगेच मिळतात. कर गं सही."

"पण काका, मी कुठे स्वेच्छेने..."

"अगं, नुसता कागद आहे तो!"

तिने सही केली. रद्द झालेला प्रवेश सोडता येत नाही, म्हणून तत्काळरावांनी तिचं नाव रद्द यादीतून खोडलं. जागा मोकळी दिसताच प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलाला पत्रही धाडलं. मग डबा अगदी चवीने खाल्ला.

तीन वाजता वरच्या कोर्टाची स्थगिती आली. रद्द झालेले सगळे प्रवेश पूर्ववत!

"पोरीला नर्सिंगच्या अर्ध्या वाटेतून परत बोलावलंय, साहेब!" शिपायाला हसू आवरेना.

तत्काळरावांना यादीतून खोडलेलं नाव आठवलं. ते तसेच कुलसचिवांकडे धावले.

"तिचा रद्द झालाच नाही, तिने सोडला," कुलसचिव म्हणाले. "आणि जागा गेली दुसऱ्याला. तुमचंच पत्र आहे. ते राहू द्या, निकालामुळे किती जणांच्या जागा गेल्या ते कोर्टाने विचारलंय. आजच कळवा."

एकोणचाळीस जणांना जागा परत मिळाल्या होत्या, चाळिसावीने ती 'स्वेच्छेने' सोडली होती; निकालामुळे गेलेली जागा एकही नाही. तत्काळरावांनी लिहिलं, 'निरंक'. एवढा एक शब्द लिहायला त्यांना तासभर लागला. स्वतःची इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

शिपायाने पाकीट उचललं. "पोरीचं घातलंत ना यात, साहेब?"

तत्काळरावांनी मान खाली घातली, ती शिपायाला होकारासारखी दिसली.

"मग कोर्ट बंद व्हायच्या आत पोचवतो," म्हणत तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला.