हबीबभाईंचं माप

मी अहेरीत बदली होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात हबीबभाई शिंप्याकडे ब्लाउज टाकायला गेले. त्यांनी मापाची वही उघडून माझं नाव लिहिलं. त्याच्या बरोब्बर वर लिहिलेलं, ‘मारोती. डावी टाच. लांबी दोन, रुंदी दीड.’ आता टाचेचं काय शिवतात, मला कळेना.

"जखमेचं हाय ते," हबीबभाई म्हणाले. "तुमचं खाली लिवतो."

दर बाजाराच्या दिवशी जुन्या जखमांची माणसं त्यांच्या बाकावर येऊन बसत. हबीबभाई उकळून गार केलेल्या पाण्यानं जखम धूत, वरूनच टेप धरून मोजत आणि धुतलेल्या धोतराची पट्टी बांधत. पट्टीच्या कडांना चक्क तुरपाई! "दोरे निघाले तं जखमेले गुदगुल्या होतेत, सिस्टरबाई."

मी नर्स. माझा पारा चढला. दवाखान्यातलं गॉज आणून त्यांच्यापुढे आदळलं, तर त्यालाही त्यांनी तुरपाई मारली. कपाळ माझं!

मारोती तळ्यावर मासे धरायचा. जखम भरेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही, म्हणजे घरची चूल थंड. हबीबभाई दम भरत, "पान्यात उतरला तं टांगच सिवून टाकीन!"

एका बाजारी पाहते तर मारोतीची पट्टी उजव्या पायाला. मागच्या खेपेला तर डाव्या पायाला होती! जखम काय चालत गेली? आणि हबीबभाई गंभीर चेहऱ्यानं उजवी टाच मोजून राहिलेले. माझं डोकं गरगरलं. मारोतीला बाहेर नेलं, पट्टी सोडली. टाच साफ. डावी पाहिली, तर तिथे नुसता वण.

"कधी भरली रे?"

"लई दिवस झाले, बाई. रोज तळ्यात जातो ना."

"मग पट्टी काऊन?"

तो खाली बघायला लागला. "हबीबभाऊची बायको साखरेच्या बिमारीत जखम चिघळून गेली. तवापासून भाऊ एकलेच. बरा झालो म्हनलं तं इथी कोन्या कामानं येऊ? आज घाईत पाय चुकला."

म्हणजे भल्या माणसाला चक्क फसवणं! मी तणतणत दुकानात शिरले. वही उघडीच होती. एका नव्या पानावर मारोतीच्या नावाखाली पानभर एकच माप, ‘लांबी शून्य, रुंदी शून्य.’ आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, ‘पुढल्या बाजारी येणे.’

हबीबभाईंनी वही हळूच मिटली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोडी बाकी हाय, सिस्टरबाई."

मी तुरपाईवाली पट्टी उचलली. मारोतीला हाक मारून बाकावर बसवलं आणि मीच बांधली. डाव्या पायाला.