मार्था सिस्टरचा सरकता नाताळ

मार्था सिस्टरच्या दारात नाताळची चांदणी लागली की आमच्या आळीत पहिला प्रश्न निघतो, "आज महिना कोणता हाय गो?"

कारण चांदणीवरून महिना कळायची सोय नाही. एका वर्षी ती भाद्रपदात लागली, तीही वर दुधाची पिशवी कापून चढवलेली, पावसाने भिजू नये म्हणून. गणपतीला मुंबईहून आलेल्या लोकांना ती गणपतीची आरास वाटली, त्यांनी फोटो काढले. एका वर्षी होळीच्या आधी चार दिवस. आणि एकदा तर भर पितृपक्षात. समोरच्या नलूवैनींना राहवलं नाही. "सिस्टर, पितृपक्षात सण करतात काय कोणी?" सिस्टर स्टुलावर चढून चांदणीला दोरी बांधत होती. वरूनच म्हणाली, "वैनी, आमचा एकच बाप, तो आकाशात. त्याला चालतं."

सिस्टर मूळची नगरकडची. पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आली तेव्हा पंचविशीची होती. मुलगा शाळेत असतानाच नवरा गेला. सगळ्यांना वाटलं, ही आता माहेरी जाणार. ती कुठची जाते! इथेच निवृत्त झाली, इथेच दोन खोल्या बांधल्या, आणि आता "हाय, नाय" आमच्यापेक्षा ठसक्यात बोलते. कशेडी घाटात ट्रक उलटला की टाके घालायला सिस्टर, डोंगरातल्या वाडीत बाई अडली की डोलीबरोबर सिस्टर. अर्धा तालुका तिच्या हातात पहिल्यांदा रडलेला आहे, आणि ती ते कोणाला विसरू देत नाही. रस्त्यात भेटलात तर आधी तुमच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघणार. "रक्त कमी हाय. नाचणी खा." मग पुढचं. एक पुढारी मतं मागायला आळीत आले, मागे पंचवीस माणसं, गळ्यात हार. सिस्टरने त्यांना नीट न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तू पायाळू रे! पहाटेचा. आईला लय पिडलंस. हाय काय अजून ती?" पुढारी हारासकट वाकले आणि पाया पडले.

तर अशा बाईला जन्मतारीख ही गोष्ट साधी नाही, हे लक्षात घ्या. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळेतून निवृत्त झाले तरी वाद घालायचे थांबले नाहीत. ते म्हणायचे, "अहो सिस्टर, सगळं जग पंचवीस डिसेंबर म्हणतं."

"जगाने बाळंतपण केलं काय?"

"पण पुस्तकात असेल ना?"

"नाय ना! बायबलातली चारही शुभवर्तमानं उलथी केली मी. ताऱ्याचं लिहिलंय, गोठ्याचं लिहिलंय, तारीख नाय लिहिली. केसपेपर दाखवा मास्तर, मी आज पंचवीस तारीख मानते."

केसपेपर हा तिचा हुकमाचा पत्ता. कुठल्याही गोष्टीवर शेवटी तो पडतो. भुताची गोष्ट सांगा, "केसपेपर हाय काय?" कोणाचं लग्न मोडल्याची बातमी सांगा, "तू केसपेपर बघितलास?"

आणि तिचा दावा नुसता हट्टाचा नव्हता बरं का. त्याला दवाखान्याचा आधार होता. "मला सांग सुमन," ती मला म्हणाली, आम्ही दोघी तिच्या पडवीत नारळ खवत होतो, "शिरगणतीसाठी माणसं गावोगाव चालवायची तर कुठला राजा ऐन थंडीत चालवील? नववा भरलेली मरीया. वाट डोंगराची. आणि बाळ ठेवलं कुठं, तर गव्हाणीत. डिसेंबरात! माझ्या वॉर्डात कोणी असं केलं असतं ना, तर त्या योसेफाला मी फाडून खाल्ला असता."

मेंढपाळांचा मुद्दा तिने वेगळा तपासला. त्या रात्री मेंढपाळ शिवारात कळप राखत होते असं लिहिलेलं आहे. म्हणून वरच्या धनगरवाडीतला एक म्हातारा पायाला पट्टी करायला आला, त्याला तिने पट्टी अर्धी सोडून विचारलं, "बाबा, पौषात रात्रीची मेंढरं उघड्यावर ठेवता काय?"

"बाई, आमच्याकडे मेंढरं नाय. म्हशी हायत."

"मग म्हशी?"

"आतच बांधतो. थंडी किती असते!"

"झालं!" सिस्टर आम्हाला येऊन म्हणाली. "इथं म्हशी आत, तर तिथं मेंढरं बाहेर कशी? डिसेंबर बाद."

मी तिला म्हटलं, आम्हा बौद्धांची बुद्धपौर्णिमाही दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. तिने खवणी बाजूला सारली आणि माझ्या पाठीत थाप मारली. "बघ! तुमची सरकते ती चालते, मग माझा नाताळ सरकला तर लोकांच्या पोटात का दुखतं?"

"आमची चंद्र सरकवतो गो. तुझा नाताळ कोण सरकवतं?"

यावर तिने खवणी पुन्हा पुढ्यात ओढली. पण मी काय आंधळी नव्हते. चांदणी लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आशिष मुंबईहून उतरतो, हे मी चार वर्षं बघत होते. आशिष तिचा एकुलता एक. मुंबईत मोठ्या हॉटेलात आहे, भट्टीच्या विभागात, केक-पाव करणारा. मी म्हटलं, सिस्टर, माझ्याशी तरी खरं बोल.

मग तिने सांगितलं. हॉटेलातला सगळ्यात गर्दीचा आठवडा म्हणजे नाताळचा. सगळ्या मुंबईचे केक हा करणार, त्याला तेव्हा रजा कुठली? पहिल्याच वर्षी पंचवीस तारखेला त्याचा फोन आला, तो रडत होता. आई, तू एकटी बसलीस, माझ्यामुळे तुझा नाताळ बुडाला, मी नोकरी सोडून येतो, पोलादपूरला पाव विकीन.

"आणि तो सोडणारा हाय गो. बापासारखा हळवा. तेव्हा मी त्याला म्हटलं, थांब, नाताळ आज हाय असं तुला कोणी सांगितलं? फोन ठेवला आणि बायबल काढलं. दोन दिवस वाचत होते. तारीख नाय सापडली! खरं सांगते सुमन, नर्सिंगचा रिझल्ट लागला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता."

तेव्हापासून आशिषला रजा मिळते त्या दिवशी मार्था सिस्टरच्या घरी येशूचा जन्म होतो. आणि पोरगं सुखाने नोकरी करतं, कारण त्याचा एकही नाताळ चुकलेला नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर जानेवारीत महाडच्या चर्चला नवे पाळकसाहेब आले. तरुण, शिकलेले, बोलायला गोड. सिस्टर रविवारी तिकडे उपासनेला जाते, तिथे त्यांच्या कानावर हा सरकता नाताळ गेला. आणि गेल्या माघात, चांदणी लागलेली, आशिष आलेला, आम्ही आळीतल्या बायका करंज्या खातोय, तर साहेब मोटारसायकलवरून दारात हजर.

सिस्टरने त्यांना खुर्ची दिली. पण तिचा चेहरा मी ओळखते. वॉर्डात मोठे डॉक्टर तपासणीला आले की असा व्हायचा.

"बाई, हे काय?" साहेबांनी चांदणीकडे बोट दाखवलं. "फेब्रुवारीत?"

"केसपेपर हाय काय साहेब?" सिस्टरने लगेच पत्ता टाकला. मग मेंढरं, म्हशी, गव्हाण, सगळं धडाधड बाहेर आलं.

साहेब शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बाई, तुमचं खरं आहे. तारीख कोणालाच माहीत नाही. पण प्रश्न तारखेचा नाहीच. सगळ्या जगातली मंडळी त्या दिवशी एकत्र येतात. तुम्ही तेवढ्या वेगळ्या पडता. एकटीने केला तो नाताळ कसला?"

केसपेपर इथे लागू पडेना, सिस्टरने करंज्यांची बशी साहेबांपुढे सरकवली. आशिषच्या हातातली करंजी तशीच राहिली. त्याच्या मनगटावर भट्टीच्या चटक्यांचे काळे डाग आहेत, तो ते अंगठ्याने चोळायला लागला. "म्हणजे आई," तो हळूच म्हणाला, "खरा नाताळ तेव्हाच असतो ना? तू मला उगाच..."

मी मनात म्हटलं, आता हा नोकरी सोडणार.

"थांब रे!" सिस्टर उठली. पदर खोचला. "साहेब, एकत्र येण्याचा दिवस म्हणालात ना? मग बघा. हा आलाय. ही सुमन आलीय. नलूवैनी आल्यायत, त्यांना तर चांदणी पसंत पण नाय. तुम्ही महाडहून मोटारसायकल मारत आलात. कोण एकटं हाय इथं? दाखवा मला!"

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. मग आशिषच्या मनगटाकडे बघितलं, मग सिस्टरकडे, जरा जास्त वेळ. माणूस हुशार, कळलं त्यांना. बशीतली करंजी उचलून म्हणाले, "बाई, माझ्याकडे केसपेपर नाही." आणि आशिषला म्हणाले, "नाताळच्या शुभेच्छा, दादा."

त्या दिवशी सिस्टरने साहेबांची पापणी ओढून बघितली आणि त्यांनाही नाचणी सांगितली.

आता शेवटचं सांगते. त्यानंतरच्या डिसेंबरात मला चष्म्यासाठी महाडला जायचं होतं. सकाळची पहिली एसटी पकडली. बघते तर खिडकीशी मार्था सिस्टर. मोतिया रंगाची साडी, वर मरून स्वेटर, केसात अबोली, आणि मांडीवर रुमालात गुंडाळलेलं बायबल. वार गुरुवार, तारीख पंचवीस.

मी शेजारी बसले. "कुठं गो?"

"बाजाराला."

मी अबोलीकडे बघितलं. तिने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "दरवर्षी जाते. मागच्या बाकावर बसते, गाणी म्हणते, अकराच्या गाडीने परत. साहेबांना आता माहीत हाय. ते बोलायचे नाय. तू पण बोलू नको."

एवढ्यात तिचा फोन वाजला. आशिष. तिने बसभर नजर फिरवली आणि फोन कानाला लावला. पोरगं भट्टीजवळून ओरडून बोलत असावं, मलाही सगळं ऐकू येत होतं.

"आई, कशी हायस? काय करतेस?"

"काय करणार? घरी हाय. डाळ शिजत घातलीय."

"आणि आवाज कसला गो एवढा?"

एसटीची प्रत्येक काच खडखडत होती. "मिक्सर," सिस्टर म्हणाली. "वाटण काढतेय."

समोरून कंडक्टर आला आणि त्याने तोंड उघडलं. मी झटकन ओठावर बोट ठेवलं, दोन बोटं दाखवली, महाडच्या दिशेने हात केला. तो बिचारा इथलाच, सिस्टरच्याच हातचा. त्याने निमूट दोन तिकिटं फाडली.

"आई, तुला वाईट नाय ना वाटत? आज सगळीकडे..."

"कसलं वाईट? आज हाय काय? गुरुवार हाय."

मला वाटलं, आपणही काही हातभार लावावा. मी फोनजवळ वाकून ओरडले, "सिस्टर, अगो डाळ उतू चाललीय!"

"ठेव रे, ठेव, डाळ गेली!" तिने फोन बंद केला. पुढच्या बाकावरची दोन पोरं वळून आमच्याकडे बघायला लागली, ह्या म्हाताऱ्या बसमध्ये कुठली डाळ शिजवतायत म्हणून. आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो. हसता हसता सिस्टरने त्याच पदराने डोळे टिपले आणि रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली.

"पुढच्या महिन्यात त्याला रजा मिळंल," ती म्हणाली. "तेव्हा नाताळ. करंज्या लाटायला ये."

"येईन. आणि आज?"

"आज काय नाय," सिस्टर म्हणाली, आणि महाड येईपर्यंत माझा हात सोडला नाही.