बॅटरीसमोर बोलायच्या गोष्टी

"हिच्यासमोर बॅटरी चार्जच होत नाही बघ. बसते, ऐकते, आणि गप्प."

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हे रोहिणीताईंना सांगत होत्या. ताई माझी नणंद. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

आत्यांचं म्हणणं खरंच होतं. कराडच्या आमच्या घरात मोटरसायकलची बॅटरी विजेवर चार्ज होत नाही, लोकांविषयी बोलण्यावर होते.

माझा नवरा हर्षवर्धन जहाजावर इंजिनिअर आहे. लग्नानंतर लवकरच तो गेला, आणि तो गेला की त्याची गाडी झोपवायची अशी या घरातली पद्धत. ते काम सासऱ्यांचं. त्यांना मी मामा म्हणते. ते वीज मंडळातून निवृत्त झालेत. टाकी आतून गंजू नये म्हणून त्यांनी काठोकाठ पेट्रोल भरलं, टायरवर भार नको म्हणून गाडी फळ्यांवर उचलली, उंदीर शिरू नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात चिंध्या कोंबल्या. मग आधी निगेटिव्ह वायर, नंतर पॉझिटिव्ह, अशी बॅटरी सोडवून, टर्मिनलला व्हॅसलीन लावून ती स्वयंपाकघरात पाटावर ठेवली. लग्नात मलाही पाटावर बसवलं होतं, पण इतकं जपून नाही.

पुढची देखभाल बायकांची. बॅटरीला कौतुक चालत नाही. अमक्याच्या मुलीला बँकेत नोकरी लागली म्हटलं तर मीटरचा काटा ढिम्म. कशी लागली, यावर चर्चा सुरू झाली की हलतो. टीव्हीवरच्या बायकांबद्दल बोललेलंही तिला चालत नाही. माणूस ओळखीचं लागतं. भांडण मात्र करायचं नाही. एकदम जास्त करंट गेला की आतलं ॲसिड उकळतं आणि घरभर वास सुटतो. हळूहळू, रोज थोडं, कांदा चिरता चिरता, असं बोलावं लागतं. आत्यांचा त्यात हात धरणारं कुणी नाही. गेल्या खेपेला हर्षवर्धन परत आला तेव्हा गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली होती, आणि त्याचं श्रेय सगळ्यांनी वरच्या मजल्यावरच्या पाटणकरकाकूंच्या घटस्फोटित भावाला दिलं होतं.

माझी अडचण अशी की मी समोर असले की विषय निघत नसे. नवी सून, कुठे काय बोलेल कोण जाणे. शिवाय त्या घरातला सर्वांत ताजा विषय मीच होते. त्यामुळे दोघी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि काटा खाली यायचा.

एका दुपारी आत्यांनी मला मटकीची उसळ देऊन पाटणकरकाकूंकडे पाठवलं. मी वाटी रिकामी करून आले तोवर काटा सरसर चढला होता. विषय काय होता ते मी विचारलं नाही. मी केलेल्या त्या मटकीत मीठ कमी पडलंय, एवढं मला ठाऊक होतं.

संध्याकाळी मामांनी बैठक घेतली.

"यात तुझा काही दोष नाही सूनबाई," मामा चष्मा पुसत म्हणाले. "तांत्रिक अडचण आहे. असंच उतरत राहिलं तर आतल्या प्लेटांवर पांढरं साचतं, मग बॅटरी कायमची गेली. तर हर्षू येईपर्यंत तू फलटणला माहेरी राहावंस."

"सोमवारी मला दूध संघाच्या लॅबमध्ये रुजू व्हायचंय," मी म्हणाले.

"नोकऱ्या काय, मिळतील की दुसऱ्या," आत्या म्हणाल्या.

"दुसरी बॅटरीही मिळेल."

"नवी आणून काय करू? तिला कॉलनीतलं कोण माहितीय? सगळं पहिल्यापासून सांगत बसू?"



रोहिणीताईंना माझी जरा दया आली. "अगं, मग तूच बोल की काहीतरी! कुणाबद्दल पण बोल. चान्स देऊया तिला, पप्पा."

मामांनी मीटर जोडला. मी बॅटरीसमोर मांडी घालून बसले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पाटणकरकाकू स्वभावाने चांगल्या आहेत," मी म्हणाले.

"पडला!" मामा ओरडले. "काटा पडला!"

"कौतुक करतीय बया," आत्यांनी कपाळाला हात लावला. "भर गं रोहिणी हिची बॅग."

ताई उठल्या. बॅग कपाटावर होती, ती काढायला त्यांनी स्टूल ओढलं. मी बॅटरीकडे पाहत राहिले. या पाटावर आख्खी कॉलनी येऊन गेली होती. पाहुणे, व्याही, दूधवाला, मीसुद्धा. एकच माणूस कधी आला नव्हता.

"ह्यांना बोट लागते," मी म्हणाले.

"कुणाला?"

"तुमच्या मुलाला."

ताई स्टुलावरच थांबल्या. आत्यांचा चेहरा लाल झाला. "माझ्या हर्षूला? जहाजावर नोकरी करतो तो! माझ्या घरात बसून माझ्याच पोराबद्दल..."

"सुमन, भांडू नकोस, ॲसिड उकळेल," मामा मीटरवरची नजर न काढता म्हणाले. "चढतोय. अगं, असा कधी चढला नव्हता."

आत्यांनी काट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. शेवटी त्यांनी विळी पुढे ओढली, एक कांदा घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कधी लागली?"

ताईही स्टुलावरून उतरून जवळ येऊन बसल्या.

"हनिमूनला, वेण्णा लेकवर," मी म्हणाले. "पायडलच्या बोटीत, मधोमध ओकले. काठावर आल्यावर बोटवाल्याला म्हणाले, मिसेसना जरा बरं वाटत नाहीये. आजच्यापुरतं एवढं पुरे, आत्या. बाकीचं सोमवारी कामावरून आले की सांगते."