परकर बघून उतरलेलं विमान

फर्डिनंड तुस्कानो मास्तरांना विमान ओळखायला मान वर करावी लागत नसे! सोपाऱ्याजवळच्या गास गावी आपल्या वाडीत केळीला पाणी सोडता सोडता आकाशात घरघर झाली की ते जागेवरूनच सांगत, "बोइंग सातशे सात! चाकं अजून पोटात आहेत." शाळेत ते चित्रकला शिकवत, पण फळ्यावर आंबा काढायला घेतला तरी त्याला पंख फुटत. विमानात मात्र ते कधी बसले नव्हते. बसणं राहू द्या, उभ्या विमानाला त्यांचा हातही कधी लागला नव्हता.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत मास्तरांनी जाहीर केलं, "रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर कळंबच्या किनाऱ्यावर या. विमान कसं उतरतं ते प्रात्यक्षिकासह दाखवतो!"

"प्रात्यक्षिकासह म्हणजे? विमान आणणार की काय?" त्यांच्या बायकोने, क्लाराने विचारलं.

"विमान सोडून सगळं!" मास्तर ऐटीत म्हणाले.

रविवारी ओहोटी होती. वाळू अशी टणक, की वर फरशी घातल्यासारखी. मास्तरांनी शाळेतली फक्की टाकून लांबच लांब पांढरी रेघ मारली. टोकाला बांबू रोवून त्यावर नारिंगी कापडाची लांब पिशवी बांधली. वारा आला की ती हत्तीच्या सोंडेसारखी आडवी व्हायची. वीसेक माणसं जमली. बाजूला दोऱ्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि त्यांची मालकीण अँजेलिनाबाय कमरेवर हात ठेवून पहारा देत होती.

"मास्तर, तुमची ती लाईन माज्या बोंबलांच्या लय जवळ आलीय हां!"

"अगं, रेघ आहे ती. तुझे बोंबील खाणार आहे का?"

मास्तरांनी घसा खाकरला. "तर मंडळी, ही पिशवी बघून वैमानिकाला कळतं की वारा..."

आणि ते थबकले. कान टवकारले.

"पुष्पक!" ते कुजबुजले. "दोन माणसांचं, लहानसं. शिकाऊ लोक चालवतात. हे इकडे कुठं?"

लहानसं विमान समुद्रावरून आलं. एक घिरटी घातली. दुसरी घातली, ती माडांच्या शेंड्यांना लागून.

"घाबरू नका!" मास्तर ओरडले. "नुसता बघतोय तो. इथं उतरायला वेडा आहे का?"

"मास्तर, त्ये इकडंच येतंय!" नथू ओरडला. हा नथू होडीवाला. त्याची नजर पक्की.

"येत नाही रे! उतरताना विमान नाक असं धरतं..." मास्तरांनी तळहात तिरका करून दाखवला, वर पाहिलं, आणि समोरचं नाक हुबेहूब तसंच होतं! "पळा!"

सगळे पळाले. मास्तर सर्वांत लांब पळाले, थेट समुद्रात, गुडघाभर पाण्यात, चपलांसकट!

विमान दोनदा उडी मारून रेघेवर टेकलं, धावलं, आणि ओल्या वाळूत चाक रुतून थांबलं. दार उघडलं. आतून वीस-एकवीस वर्षांची मुलगी उतरली. तोंड पांढरंफटक.

"अगो बाय! ही तर पोरगी!" अँजेलिना म्हणाली.

"हे... हे एअरफील्डच ना?" मुलीने विचारलं.

"कळंब हाय," नथू म्हणाला.

"कळंब? कुठल्या एअरपोर्टचं?"

"सोपाऱ्याचं!"

मुलीचं नाव मृदुला कारखानीस. एकटीने लांबवर जायची पहिलीच वेळ. वाट चुकली, घाबरली, आणि तेवढ्यात खाली पांढरी रेघ आणि नारिंगी पिशवी दिसली. देवच पावला असं वाटलं तिला!

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. क्लारा मात्र बांबूकडे बघत होती.

"अहो, हा माझा परकर! दोन आठवडे शोधतेय मी! माझा परकर बघून विमान उतरलं?"

"रंग नियमात बसणारा लागतो, क्लारा!"

मृदुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आमच्या सरांना सगळं खरं सांगेन. पण त्याआधीच कुणी पोलिसांत गेलं, तर माझं उडणंच बंद होईल हो!"

अँजेलिनाने पदर खोचला. "कोन जातं पोलिसात? आमी कायबी बघितलं नाय. घाला रे सगल्यांनी क्रुसाची शपत!" सगळ्यांनी घातली. मास्तरांनीही घातली. विमानाची ही गोष्ट आता जन्मात कुणाला सांगता येणार नाही, याचा त्यांना त्या क्षणी अंदाज नव्हता.

कारण विचार करायला वेळच नव्हता, भरती लागली होती! पाणी चाकापासून दहा पावलांवर आलं.

"आधी आपण गुरुत्वमध्य शोधू," मास्तर म्हणाले.

"होडी लोटतो तसं लोटायचं, त्यात काय शोदायचं?" अँजेलिनाने खांदा लावला. "बोला, हैय्या!"

"पंखाला हात नको! कापड आहे ते, फाटेल!"

"कापडाचं इमान?" नथू चाटच पडला.

"आता हा कुणाचा परकर?" क्लाराने विचारलं.

विमान टणक वाळूवर आलं, वळलं. आता वाटेचा प्रश्न. मास्तर अंशांचा हिशोब सांगू लागले, तर नथू मध्येच म्हणाला, "समुद्र उजव्या हाताला ठेव आन् सरल जा. मोट्या बिल्डिंगी दिसल्या की थांब."

"मध्येच थांबता येत नाही हो काका!" मृदुला म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

इंजिन सुरू करायला बाहेरून कुणीतरी नाकावरचा पंखा हाताने फिरवायला हवा होता. मास्तर पुढे झाले. पुस्तकात शंभरदा वाचलेलं! पात्याला हात लागला आणि अंगावर सरसरून काटा आला. एकदा ओढलं, काही नाही. दुसऱ्यांदा, नुसता खोकला. तिसऱ्यांदा मास्तरांनी असा झटका दिला की इंजिन गरजलं, मास्तर मागे उडून वाळूत आपटले आणि त्या वाऱ्याने अँजेलिनाचे बोंबील दोऱ्यांसकट आकाशात गेले!

"माजे बोंबील!"

"उडालं! उडालं!" मास्तर नाचत होते. लाटेचं पाणी चाकाला शिवलं न शिवलं तोच पुष्पक वर गेलं, पंख दोनदा हलवून मृदुलाने निरोप घेतला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी, तोंडात वाळू आणि केसांत एक बोंबील!

सोमवारी ते शाळेत गेले ते तोंड घट्ट मिटून. दुपारी कुणीतरी विचारलं, "मास्तर, आज विमानांचं काही नाही?" तर ते उठून बाहेरच गेले.

मंगळवारी संध्याकाळी सायकलवरून हवालदार दारात.

"मास्तर, परवा कळंबला विमान उतरलं म्हणतात. विरारकडच्या एकाने खाली जाताना बघितलंय. किनाऱ्यावर विचारलं, तर ती बोंबीलवाली म्हणते, आम्ही मासळीकडं बघतो, वर कोण बघतंय! तुम्ही तर होता तिथं. काय होतं ते?"

 पुष्पक, दोन आसनी, वरचे पंख, कापडी अंग... सगळं मास्तरांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. आतून क्लारा चहा घेऊन आली आणि त्यांच्याकडे न बघता कप ठेवून उभी राहिली.

"घार होती," मास्तर म्हणाले.

"घार? अहो, एवढा आवाज?"

मास्तरांनी खाली बघत बशीत चहा ओतला.

"म्हातारी होती हो. धाप लागली होती तिला."