गावाला लागेलच

मुंबईच्या उपनगरांत एखादी मोठी वस्तू घरात आणायला नवरा-बायकोचं एकमत पुरतं. तीच वस्तू घराबाहेर काढायची म्हटली की सोसायटी, नातेवाईक, कामवाली आणि भंगारवाला या चौघांची संमती लागते. हा नियम घटनेत कुठे लिहिलेला नाही, त्यामुळेच तो सगळीकडे पाळला जातो.

मुलुंड पूर्वेच्या ‘नवसंकल्प’ सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे नंदकुमार राऊळ (विमा कचेरीतून निवृत्त, प्रकृती ठणठणीत, स्वभाव वाद टाळण्याकडे) यांना हा नियम साठी उलटल्यावर कळला. त्यांच्या हॉलमध्ये एक सोफा-कम-बेड होता. लोखंडी सांगाडा, सागवानी हात, आणि असं बांधकाम की बसणाऱ्याला तो पलंग वाटावा आणि झोपणाऱ्याला सोफा. मुलाच्या, म्हणजे यज्ञेशच्या बारशाला पाहुण्यांसाठी तो एकदाच उघडला होता. मिटवायला खालच्या मजल्यावरचे दोन गृहस्थ बोलवावे लागले. तेव्हापासून तो उघडण्याचा विषय घरात कुणी काढला नाही. यज्ञेश आता अंधेरीला बायको-मुलांसह राहतो.

हा सोफा घालवायची वेळ आली ती जानकीआक्कामुळे. आक्का ही नंदकुमारांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. कुडाळजवळच्या गावातलं घर, दहा-बारा आंब्याची कलमं आणि मुंबईतल्या सगळ्या भावंडांची काळजी ती एकटीने वाहते. ती तिथे राहते म्हणून बाकीच्यांना इथे निर्धास्तपणे गावाची ओढ लागू शकते. तर या आक्काचा उजवा गुडघा पार निकामी झाला होता. ऑपरेशन मुलुंडला करायचं, पुढे दोन महिने नंदकुमारांकडे राहायचं असं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं की पेशंटला उंच, पक्का पलंग हवा.

“सोफा जाईल तेव्हा पलंग येईल, आणि पलंग येईल तेव्हा आक्का येतील,” उत्तरा नवऱ्याला म्हणाली. “आता बघा तुम्ही.”

आक्काला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “माका पलंग कित्याक रे नंद्या? चटयेर पण निजतलंय मी.” हा विनय आहे असं घरात सर्वांनी धरलं.

नंदकुमार पद्धतशीर माणूस. त्यांनी आधी विक्री हा मार्ग हाताळला. भंगारवाल्याने रद्दी घेतली, बाटल्या घेतल्या, गळका पितळी नळ अगदी आवडीने घेतला, आणि सोफ्याकडे बघून विचारलं, “अंकल, ये उठाने का आप क्या देंगे?” मग मोबाईलवर फोटो टाकून जाहिरात दिली. ‘अजून आहे का?’ असं असंख्य लोकांनी विचारलं. नंदकुमारांनी प्रत्येकाला ‘हो, आहे’ असं नम्र उत्तर पाठवलं, आणि त्यावर प्रत्येकाचं समाधान झालं. नाहूरहून एक गृहस्थ खरोखर आले. सोफ्यावर बसले, चहा घेतला, त्यांच्याही घरी असाच एक आहे आणि तो कसा घालवावा हे विचारायला आलो होतो म्हणाले.

दुसरा मार्ग दानाचा. मध्यमवर्गीय दानाला एक शिस्त असते: वस्तू आपल्याला नको असली पाहिजे, आणि घेणाऱ्याने ती आनंदाने नेली पाहिजे (न्यायचा खर्च घेणाऱ्याचा). उत्तराने कामवाल्या मालनला विचारलं.

“ताई, मागच्या वर्षी दिलेलं शू-रॅक परत घेता का आधी?” मालन म्हणाली. “दार उघडलं की त्याच्यावरच आपटतं. चपला आम्ही बाहेरच काढतो.”

उत्तराने विषय बदलला.

तिसरा मार्ग सोसायटीतला पारंपरिक. वस्तू ‘दोन दिवस’ जिन्याच्या वळणावर ठेवायची, कोणीतरी नेईल. एका अंदाजानुसार (अंदाज वॉचमनचा) नवसंकल्पमध्ये असं ‘दोन दिवस’ ठेवलेलं सर्वांत जुनं कपाट इमारतीच्या दुसऱ्या रंगकामाआधीचं आहे. रंगाऱ्यांनी त्याच्याभोवतीने रंग दिला. जिन्यात सामान ठेवू नये ही सूचना सोसायटीने वेळीच लावली होती. ती त्याच कपाटामागे आहे. दुर्दैवाने सगळी वळणं भरलेली असल्याने नंदकुमारांचा अर्ज प्रतीक्षायादीत गेला.

उरला चौथा मार्ग. राऊळ कुटुंबाचा हा पिढीजात आणि हमखास मार्ग: गावाला पाठवणे.

राऊळांपैकी कोणीही आजवर एकही वस्तू टाकून दिलेली नाही, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे आणि ते ती सांगतात. बाळा नावाचा गाववाला टेम्पो चालवतो. येताना आंबे, नारळ, कोकम घेऊन येतो आणि जाताना रिकामा जातो. टेम्पो रिकामा जाताना पाहिला की राऊळांच्या पोटात तुटतं. म्हणून बोरिवलीच्या मधुवंतीने (धाकटी बहीण) तीन ड्रेसिंग टेबलं पाठवली, घाटकोपरच्या नितेशने (चुलतभाऊ) दोन फ्रिज आणि एक माशांची काचपेटी पाठवली, यज्ञेशने ट्रेडमिल पाठवली. गावात चालायला जागा नाही अशी कुणाची तक्रार नव्हती, तरीही. खुद्द नंदकुमारांनी काचेचा टीपॉय दिला होता. प्रत्येक वेळी आक्काला फोन जाई, “तुझ्यासाठी पाठवतोय गं, गावाला लागेलच.” आक्का म्हणे, “बरा.” तिच्या ‘बरा’चा अर्थ कुटुंबात अत्यानंद असा घेतला जातो.

तर सोफा गावाला जायचं ठरलं. तो खाली नेताना कळलं की लिफ्ट वापरता येणार नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव स्पष्ट होता: लिफ्टमधून फर्निचर वर नेता येईल, खाली आणता येणार नाही (वर जाणारं फर्निचर नवं समजावं, खाली येणाऱ्यात ढेकूण असतात, आणि ते मधल्या मजल्यावर उतरल्यास जबाबदारी कोणाची हे ठरवता येत नाही). मग बाळा आणि तीन हमालांनी तो जिन्याने उतरवला. दुसऱ्या मजल्यावर तो त्या ऐतिहासिक कपाटाशी भिडला आणि आपणहून उघडला. त्यानंतर जिन्यात जी मालवणी बोलली गेली ती ऐकून दोन बिऱ्हाडांनी मुलांना आत बोलावून घेतलं.

गावी पोचल्यावर बाळाचा फोन आला.

“नंदूभाऊ, माजघरात ठेवलंय. दुसरीकडे जागाच नाय. दार आता अर्धाच उघडता.”

“अरे, माजघरात आक्का झोपते ना?”

“तिची चटई होती थंय. आता ती तुमच्याकडेच येता मां?”

“येते रे. पण परत गेल्यावर?”

“तां तुमी बघा,” बाळा म्हणाला. पुढच्या खेपेला नारळांबरोबर तो आक्काला घेऊन आला.

पलंग आला होता. ऑपरेशन उत्तम झालं. चार दिवसांनी घरी आल्यावर उशीला टेकून आक्का पेज घेत होती, तेव्हा उत्तराने सहज विचारलं, “पण आक्का, गुडघा इतका कसा गेला हो?”

“दिवो लावूक गेल्लंय, तर नंद्याच्या त्या काचेच्या टीपॉयार आपटलंय.”

“फुटला?” नंदकुमारांनी घाबरून विचारलं.

“नाय. टीपॉय बरो असा,” आक्का म्हणाली.

नंदकुमारांना लाज वाटली, आणि ती बराच वेळ वाटत राहिली. त्यांनी हिशेब मांडून पाहिला. टीपॉयमुळे गुडघा गेला, गुडघ्यामुळे पलंग आला, पलंगामुळे सोफा गेला, आणि सोफ्यामुळे आक्काची चटई. एका माणसाची सोय करायला निघून त्यांनी तिचं झोपण्याचं ठिकाणच घालवलं होतं. मुंबईत चार घरं असलेल्या कुटुंबातल्या थोरल्या बहिणीला, स्वतः सांभाळलेल्या घरात, पाठ टेकायला जागा उरली नव्हती. हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर वाद झाला असता.

आक्काला विरंगुळा म्हणून उत्तराने तिला ‘राऊळ परिवार’ या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. ही गोष्ट त्या दिवशी सर्वांनी टाळ्यांच्या चित्रांनी साजरी केली आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेले.

दोन महिने संपत आले तशी ग्रुपवर चर्चा निघाली. आक्का आता एकटी कशी राहणार? तिला कोणाकडे तरी ठेवायला हवं, यावर पूर्ण एकमत झालं. कोणाकडे, यावर प्रत्येकाने आपापल्या अडचणी मोकळेपणाने मांडल्या. बोरिवलीला हॉलच लहान. घाटकोपरला इमारत पुनर्विकासात जाणार (गेली कित्येक वर्षं जाणार आहे). अंधेरीला यज्ञेशच्या घरात नवी ट्रेडमिल. शेवटी मधुवंतीने लिहिलं, ‘मला वाटतं आक्का गावीच बरी. तिथे भरपूर जागा आहे.’ खाली अंगठेच अंगठे आले.

नंदकुमारांनी ‘तिथे जागा नाही’ एवढे तीन शब्द लिहिले. वाचले. पुसले. मग सवयीने आपलाही अंगठा दिला.

पलंगावर आक्काचा मोबाईल दर अंगठ्याला टुणटुणत होता. तिने चष्मा लावून सगळं नीट वाचलं, नंदकुमारांचा अंगठाही पाहिला. मग उत्तराला म्हणाली, “गो, माका बाळाक फोन लावन दी.”

संध्याकाळी ग्रुपवर आक्काचा पहिला आणि आजतागायत शेवटचा संदेश आला. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून बोलूनच पाठवला होता: “बाळा आंबे घेवन येता. त्याच्यावांगडा तुमच्या वस्तू धाडतंय. मुंबैक लागतीलच.”

‘आक्का, अगं इथे जागा नाही गं,’ मधुवंतीने लिहिलं. नितेशने हात जोडल्याची सहा चित्रं पाठवली.

आक्का फोनकडे बघून म्हणाली, “बरा.”

त्या हंगामात राऊळांना आंब्याच्या पेट्यांसोबत जे काही मिळालं त्याची नोंद पुढीलप्रमाणे. बोरिवलीला ड्रेसिंग टेबलं, तिन्ही. घाटकोपरला दोन फ्रिज (एकात तांदूळ होते, ते आक्काने बाळाला सांगून प्रेमाने राहू दिले होते) आणि काचपेटी. अंधेरीला जुनी ट्रेडमिल. ती नव्या ट्रेडमिलला चिकटून उभी राहिली, त्यामुळे आता दोन्हींवर चालता येत नाही. नंदकुमारांकडे सोफा-कम-बेड आणि टीपॉय. त्यांना वाटलं, निदान सोसायटी तरी अडवेल. सेक्रेटरींनी ठराव काढून वाचला. फर्निचर वर चाललं होतं, म्हणजे ते नवं होतं. त्यांनी लिफ्टचा दरवाजा स्वतः धरला आणि अभिनंदनही केलं.

आक्का त्याच टेम्पोत पुढच्या सीटवर, पाठीला उत्तराने दिलेली उशी घेऊन गावाला गेली. ‘पलंग ने’ म्हटलं तर नको म्हणाली. पोचल्यावर तिने फोन केला. तिचा आवाज मोकळ्या घरात घुमत होता. “नंद्या, माजघराची जमीन दिसली रे,” ती म्हणाली. इतकी आनंदात ती बऱ्याच वर्षांत ऐकू आली नव्हती, आणि नंदकुमारांना रडू आलं.

रडू आवरून ते पाणी प्यायला उठले. हॉलमध्ये आता पलंग आणि सोफा यांच्यामध्ये एका पावलाची वाट आहे, आणि त्या वाटेच्या टोकाला टीपॉय. टीपॉय बरा आहे. नंदकुमारांच्या गुडघ्याला सध्या बर्फ लावतात.

वाचक हसले असतील तर त्यात गैर काही नाही. असे नातेवाईक सगळ्यांना असतात. फक्त आपलं जुनं कपाट, तो दिवाण, ती मुलाची सायकल आपण ‘लागेलच’ म्हणून कोणाच्या घरी पाठवली होती, आणि तिथे हल्ली झोपायला जागा उरली आहे का, हे एकदा फोन करून विचारून घ्यावं. पलीकडून नुसतं ‘बरा’ असं उत्तर आलं, तर आपल्या लिफ्टच्या दरवाजाची रुंदी आजच मोजून ठेवावी.